लोणझरीची पाठमोरी देवी

चपला इकडं काढा, लिंबाखाली. आणि त्या मोठ्या दाराकडं जाऊ नका, सगळे पाहुणे तिथंच फसतात. कमान आहे, वर हत्ती कोरलेत, घंटा टांगलीय, पण मधे नुसती भिंत. आमची झरीआई गावाकडं पाठ करून उभी आहे. दर्शन घ्यायचं तर देवळाला वळसा घालून मागं, नाल्याच्या अंगाला यायचं. असं का, ते विचारा की! दरवर्षी कुणीतरी विचारतं आणि मलाच सांगावं लागतं. मी दगडूनाना काशीद, इथला मानकरी. हे पाप आमच्याच घरानं केलेलं, त्यामुळं ते सांगायचा मानही आमचाच.

माझे पणजोबा तात्याबा पाटील, त्यांच्या काळातली गोष्ट. नाल्यापलीकडं कापडाची गिरणी उभी राहिली. आमच्या लोकांनी म्हणे तिकडं ढुंकूनही पाहिलं नाही. भोंगा झाला की उठायचं, भोंगा झाला की जेवायचं, हे काय माणसाचं जिणं झालं? असं म्हणत मिशांना पीळ देऊन पारावर बसून राहिले. मग माग चालवायला तेलंगणातून विणकर आले. बायकापोरं, भांडीकुंडी, सगळं घेऊन आले आणि नाल्यापलीकडं झोपड्या बांधून राहिले.

त्यांच्या जिवावर गाव वर आलं. बाजार भरायला लागला, पोस्ट आलं, शाळा आली. लोणझरीची चादर लांबलांबच्या पेठांत जाऊ लागली. आणि आमचे म्हातारे सोयरिकीला परगावी गेले की छाती फुगवून सांगायचे, "चादर म्हणजे आमच्या लोणझरीचीच!" अहो, एक धागा कधी ओढला नव्हता कुणी! जे विणत होते त्यांना गावात एकच नाव होतं, 'पलीकडचे'. देवीचा उत्सव असला की त्यांनी नाल्याच्या काठावरूनच हात जोडायचे.

त्यांच्यात नरसव्वा नावाची बाई होती. गिरणीत सुताच्या कांड्या भरायची आणि घरी हातमागावर विणायची. तिची मुलगी तापानं फणफणली, वैद्यानं हात टेकले, तेव्हा ती झरीआईला नवस बोलली. पोर वाचली तर माझ्या हातानं विणलेली साडी माझ्या हातानं तुला नेसवीन. पोर वाचली. नरसव्वा वर्षभर विणत होती म्हणे. मोरपंखी अंग, आणि काठावर बाजरीची कणसं. तिच्या मुलखात भात पिकतो, पण काठावर तिनं आमची बाजरी काढली.

अष्टमीला साडी घेऊन ती देवळाच्या पायरीपर्यंत आली. तात्याबा आडवे आले. म्हणाले, "साडी ठेव इथं आणि जा. नेसवायचा मान गावच्या बाईचा."

ती म्हणाली, "वीस वर्षं झाली, पाटील. पोरं इथंच जन्मली. मग मी कुठली?"

"ते तुझं तू बघ," तात्याबा म्हणाले. माझेच पणजोबा! सांगताना अजून मान खाली जाते माझी.

तिनं साडी दिली आणि नाल्याशी जाऊन उभी राहिली. आता आमच्याकडं रीत अशी, की नेसवण्याआधी गुरव मोठ्यानं विचारतो, "साडी कोणाची?" ज्याची असेल त्यानं "आमची" म्हणायचं. साडी द्यायचा मान तेव्हा आमच्या घराचा. तात्याबांनी तालुक्याहून साडी आणली होती, पण नरसव्वाच्या साडीपुढं ती पोतेऱ्यासारखी दिसायला लागली. गुरवानं विचारलं तेव्हा तात्याबांनी तिचीच साडी पुढं केली आणि सांगितलं, "आमची."

देवळात दोनशे माणूस होतं म्हणतात. तिच्या हातून साडी घेताना सगळ्यांनी पाहिलं होतं. एकानं तरी "अहो पाटील" म्हणावं की नाही? कुणी ब्र काढला नाही. नुसत्या तात्याबांना बोल लावून चालत नाही, ते यासाठी.

नरसव्वानं ते ऐकलं. भांडली नाही, रडली नाही. "अम्मा, तू बघितलंस ना?" एवढंच म्हणाली आणि घरी गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी गुरवानं दार उघडलं तर देवी पलीकडच्या वस्तीकडं तोंड करून उभी! तात्याबांनी पहारी लावल्या, बैल जुंपले. मूर्ती तसूभर हलली नाही, असं सांगतात. काहीजण म्हणतात, गुरवानंच फिरवली असेल. असेलही. तसं असेल तर मला जास्तच लाज वाटते, कारण दोनशे माणसांत एकालाच वाटली आणि त्यालाही ते तोंडानं बोलता आलं नाही.

तिसऱ्या दिवशी तात्याबा पागोटं हातात घेऊन, बोडक्या डोक्यानं नाला उतरून गेले. आयुष्यात पहिल्यांदा गेले. नरसव्वाचं बिऱ्हाड उठलं होतं. घरात मागाचा खड्डा तेवढा राहिला होता. कुठं गेली, कुणाला सांगता येईना. त्यांनी चार गावं पालथी घातली, पण ती काही सापडली नाही. माफी मागायची ती राहिलीच. परत येऊन त्यांनी स्वतःच्या हातानं पुढचं दार चिणलं, मागं नवं दार पाडलं आणि शपथ घेतली. इथून पुढं गावात सगळ्यांत शेवटी राहायला आलेली बाई देवीला साडी नेसवील. गुरव विचारील, आणि काशिदानं सगळ्या गावादेखत त्या बाईचं नाव घेऊन सांगायचं, "साडी हिची, आमची नाही."

आजही अष्टमीला तसंच होतं. गिरणी बंद पडली, तिकडं आता पत्र्याचे कारखाने झालेत, तेलंगणातून आलेल्यांची पणतवंडं आमच्या ग्रामपंचायतीत बसतात. आता लोक लांबलांबून येतात, ओडिशातून, झारखंडातून. गेल्या वर्षी जिचा मान होता ती बाई आठ महिने माझ्याच परसातल्या खोलीत राहत होती. कारखान्यात खोकी भरायची. माझी सून बाळंत झाली तेव्हा पहिले दहा दिवस बाळाला न्हाऊ हिनंच घातलं.

गुरवानं विचारलं, "साडी कोणाची?"

मी तोंड उघडलं, आणि शब्दच नाही. मला तिचं नाव माहीत नव्हतं हो! आठ महिने मी तिला "ए बिहारवाली" म्हणून हाक मारत होतो. ती बिहारचीही नव्हती, झारखंडची होती. गुरवानं दुसऱ्यांदा विचारलं. सगळं गाव माझ्याकडं बघतंय. शेवटी तीच हळूच म्हणाली, "फूलमनी टुडू." मी तिच्यामागून ते नाव म्हटलं आणि पुढचे शब्द कसेबसे काढले.

बाहेर आल्यावर मी तिच्यापुढं हात जोडले. म्हटलं, "बाई, चुकलं माझं."

ती म्हणाली, "नाना, विचारलं असतं तर पहिल्याच दिवशी सांगितलं असतं."