घरच्या किनाऱ्याचे खडे

“उतरायचंच नव्हतं, तर मग वाट कशाला शिकवलीत?”

लिजेन ताडकन उभी राहिली तशी होडी डुलली. म्हातारा लाबुन सुकाणूशी बसून होता.

समोर, हाकेच्या अंतरावर, बेट होतं. त्यांचंच. माडांना नारळ लगडलेले, खाली पांढरीशुभ्र पुळण, आणि माणूस औषधालाही नाही.

या बेटाजवळ एके काळी परक्या सैन्यानं अणुबॉम्ब फोडून पाहिले होते. आकाशातून पांढरी भुकटी पडली. पोरं तिच्यात खेळली. काहींनी चाटूनही पाहिली. मग सैनिक आले, ‘थोड्या दिवसांचा प्रश्न आहे’ म्हणाले आणि सगळ्यांना दूरच्या एका बेटावर नेऊन सोडलं.

ते थोडे दिवस अजून संपले नव्हते.

भुकटी चाटणाऱ्या पोरांत लिजेनची आई होती. पुढे तिच्या गळ्यावर शस्त्रक्रिया करावी लागली. आवाज गेला तो गेलाच. लिजेनच्या आधीची बाळं जगली नाहीत. आता आई अंथरुणाला खिळली होती, आणि कुजबुजत एकच मागत होती... “माझ्यावर घरचे खडे घाल.”

या लोकांत माणसाला पुरलं, की वर त्याच्या किनाऱ्याचे पांढरे प्रवाळखडे पसरतात. परक्या खड्यांखाली मेलेलं माणूस कूस बदलत राहतं, म्हणतात.

त्या खड्यांसाठी लिजेन शहरातलं कॉलेज संपवून लाबुनकडे आली होती. वाट त्यालाच ठाऊक होती. होडीच्या तळाशी पाठ टेकून, डोळे मिटून पडायचं. बेटावर आपटून परतलेली लाट फळीतून पाठीला कळते. आज तिनं तसंच बेट गाठलं होतं.

“आता ते स्वच्छ झालंय, आजोबा. अहवालात आहे. मी वाचलाय.”

“हं. मग अहवाल लिहिणारे तिथं राहायला का येत नाहीत?”

“मला कुठं राहायचंय? ओंजळभर खडे हवेत!”

“आपल्या पोरी थडग्यांवरच्या खड्यांनी सागरगोटे खेळतात,” लाबुन म्हणाला. “तूही खेळायचीस.”

लिजेननं नकळत आपल्या तळहातांकडे पाहिलं. मग तिचं तोंड जास्तच जोरात उघडलं.

“तुम्हा म्हाताऱ्यांचं नेहमीचंच! ते सैनिक बोटीत चढा म्हणाले, चढलात. थांबा म्हणाले, थांबलात. मी उतरते म्हटलं, की तेवढं मात्र नाही!”

“खरं आहे.”

ती आणखीच भडकली. या माणसाशी धड भांडताही येत नव्हतं.

किनाऱ्यावर एक नारळ धप्पकन पडला. दोघांनीही तिकडे पाहिलं. उचलायला कुणी आलं नाही...

“आईला काय सांगू?” तिचा आवाज एकदम बारीक झाला. “इतक्या जवळ गेले आणि हात हलवत परत आले?”

लाबुननं सुकाणू तिच्या हाती दिलं. गुडघे धरत तो होडीच्या तळाशी उतरला, कुशीवर झाला, आणि फळीला कान लावून डोळे मिटले.

बेटाची लाट आली. होडीला खालून थोपटून गेली. पुन्हा आली.

म्हाताऱ्याच्या सुरकुत्यांतून पाणी ओघळत होतं. ओठ मात्र हसत होते. आईनं हाक मारल्यावर पोर हसतं, तसे.

बराच वेळ तो तसाच पडून राहिला.

“आजोबा...?”

लाबुननं अंग चोरलं. त्याच्या शेजारी एका माणसापुरती फळी मोकळी झाली. तिच्यावरून त्यानं तळहात फिरवला, आजाऱ्याचं अंथरूण सारखं करावं तसा.

“खडे मेल्यावर लागतात, पोरी,” तो डोळे न उघडता म्हणाला. “तुझी आई अजून जिवंत आहे.”