बामीबायची टाच

तुमच्या पणज्याच्या पणज्याला दुधाचे दात यायचे होते, तेव्हाची ही गोष्ट. नीट बसा. मागच्यांनी कुजबुज करायची नाही, एकदा सांगितलेलं मी परत सांगत नसते.

खाडीच्या तोंडाशी तिवरखार नावाचं गाव होतं. आजही आहे. गावाच्या एका अंगाला समुद्राचं खारं पाणी, दुसऱ्या अंगाला भाताची शेतं, आणि दोघांच्या मधे कोसभर लांब मातीचा बांध. बांध आहे तोवर भात आहे. एकदा का खारं पाणी शेतात शिरलं की ती जमीन तीन वर्षं नुसती पांढरी पडून राहते.

हा बांध घातला कुणी? तिवरखारात कुणालाही विचारा, उत्तर एकच. बांदाईनं. माणूस जन्माला यायच्या आधी, दिवस कुठला आणि रात्र कुठली हे ठरायच्या आधी, बांदाई सहा बहिणींना घेऊन आभाळातून उतरली आणि एका दमात बांध घालून गेली. तिची मातीची शेवटची पाटी सांडली, ते गावाबाहेरचं टेकाड. या बहिणी कुठल्या गावच्या, त्यांचा बाप कोण, असं कुणी विचारत नसे. देवाच्या गोष्टीत असलं काही विचारत नाहीत, हात जोडतात.

त्या गोष्टीत वाईट काही नव्हतं हो. गोची झाली ती पुढे. देवीनं घातलेल्या बांधाला माणसानं हात कसा लावायचा, आणि कुदळफावड्याचं लोखंड तर त्याहून नाही! बांध पाझरायला लागला की लोक म्हणत, देवीला घाम आला. मग पाझरत्या जागी हळदकुंकू, नारळ, आणि पाच बायकांनी उभं राहून पदरानं वारा घालायचा. चिखलाचा एक गोळा म्हणून कुणी लावायचं नाही. खेकड्यांची चंगळ होती. त्यांनी बांधात बिळं पाडावीत आणि आमच्या शहाण्यांनी त्या बिळांना कुंकू लावावं.

आता बामीबाय. ही मात्र माणूस होती, तुमच्याआमच्यासारखी. खालच्या आळीतलं तिसरं घर तिचं, त्याचं जोतं अजून आहे, जाऊन बघा. बापाचं नाव धाया. नवरा लवकर गेला, मागे बांधाला चिकटून एक शेत राहिलं. अंगानं ठेंगणी, जिभेनं फटकळ, आणि टाचांना भेगा अशा की चिंचोका अडकावा. तीन वर्षांमागे उधाणाचं पाणी बांधावरून उलटलं तेव्हा पहिलं शेत गेलं ते तिचं. तेव्हापासून ती पावसाचं पाणी अडवून जमीन धूत होती. धुवायची, सोडून द्यायची, पुन्हा अडवायची. तीन वर्षं दुसऱ्यांच्या शेतात राबून पोट भरलं. आणि चौथ्या वर्षी शेतात भात उभं राहिलं. भाद्रपदात ते पोटरीला आलं, पोटात कणीस धरलं, तेव्हा ती बांधावर बसून एकटीच रडली, असं म्हणतात. आनंदानं रडली.

त्याच भाद्रपदाच्या अमावास्येला, सकाळच्या ओहोटीला, तिला आपल्या शेतासमोर देवीचा घाम दिसला. मनगटाएवढी धार होती. दुपारी वर्षातली सगळ्यात मोठी भरती यायची होती. बामीनं गाव जमवलं. पोशा भगत हळदकुंकवाचं ताट घेऊन आला. माणूस वाईट नव्हता, त्याचंही शेत तिथंच होतं. पण बामी चिखल म्हणाली आणि तो पांढराफटक पडला. देवी कोपली तर गाव राहायचं नाही, त्यानं बजावलं. बामीनं विचारलं की भात गेलं तर गाव राहणार आहे का.

तेवढ्यात बांधच बोलला. धडकन ढेकूळ निसटलं आणि गाय आडवी बसेल एवढं भगदाड पडलं. आमच्याकडे त्याला खांड म्हणतात. माणसं उलट्या पावली देवळाकडे पळाली. बामी पळाली नाही. ती खांडीत उतरली.

आणि तिथं तिनं जे पाहिलं ते त्या गावात कुणीच कधी पाहिलं नव्हतं. बांधाचं पोट उघडं पडलं होतं. मातीचा थर, त्यावर पेंढ्याचा थर, पुन्हा माती. आणि मातीच्या प्रत्येक थरावर टाचा उमटलेल्या. शेकड्यांनी! मोठ्या टाचा, लहान टाचा, एका बाईच्या टाचेशेजारी तिच्या पोराची इवलीशी टाच. बामीनं हळूच आपली टाच एका ठशात ठेवली. ती चपखल बसली, भेगांसकट. तिला हसू आलं, आणि हसता हसता तिचे डोळे भरले.

“भगतमामा,” तिनं खालून हाक मारली, “देवीच्या टाचांना भेगा असतात का?”

पोशा भगत परत आला. खाली उतरला. त्यानं ते ठसे पाहिले, आपला पाय एकावर टेकवून पाहिला.

“ही तर आपलीच माणसं गं,” तो म्हणाला.

“मग काम पण आपलंच. लोखंड नका लावू, मामा. टाच लावा.”

झालं! भगतानं ताट बाजूला ठेवलं आणि धोतर खोचलं. भगतच चिखलात उतरला म्हटल्यावर गाव कशाला मागे राहतंय? बायकांनी गोठ्यातला होता नव्हता तेवढा पेंढा ओढून आणला. पुरुषांनी हातांनी चिखलाच्या वड्या कापल्या. एक थर माती, एक थर पेंढा, आणि वर टाचांचा दणदणाट. भरती लागली होती. पाण्याचा मार बसू नये म्हणून बामी समुद्राच्या बाजूला, खांडीच्या तोंडाशी, पाय रोवून उभी राहिली. पाणी तिच्या गुडघ्याला आलं, कमरेला आलं, गळ्याला आलं.

असं म्हणतात की तिच्या हनुवटीशी समुद्र थांबला. असं म्हणतात की त्यानं तिला विचारलं, “तू कोण? देवी असशील तर नमस्कार करून मागे फिरतो.”

खोटं बोलली असती तर तिथंच सुटली असती. पण बामी ती!

“मी धायाची बामी,” ती म्हणाली. “माझं भात पोटरीला आलंय.”

समुद्रानं देव पुष्कळ पाहिले होते. बापाचं नाव सांगून, भाताची गोष्ट सांगून त्याला अडवणारं त्याला कधी कुणी भेटलं नव्हतं. तो ओशाळला आणि मागे सरकला. त्या दिवशी भरती वेळेआधी उतरली, असं म्हणतात. कुणी म्हणतं, वेळेवरच उतरली. असेल. माणसाच्या गोष्टीलाही पिढ्यापिढ्यांचं तिखटमीठ लागतंच, मीही थोडं लावलं असेल. पण खांड भरली, हे खरं. भात वाचलं, हे खरं. गावानं बामीला चिखलासकट खांद्यावर घेतलं आणि वेशीपर्यंत वाजतगाजत नेलं. दिवाळीत तिच्या अंगणात भाताची रास पडली, तिच्या स्वतःच्या शेतातली.

पुढच्या वर्षी गावानं ठरवलं की बामीला देवळात बसवायचं, बांदाईची आणखी एक बहीण म्हणून. मूर्तीचा दगडसुद्धा आला. बामी त्या दगडावरच जाऊन बसली आणि उठेना.

“मला देवी केलंत,” ती म्हणाली, “तर पुढच्या वेळी मला कुंकू लावत बसाल, आणि खांड तशीच राहील. मला माणूसच ठेवा. माणसानं केलेलं माणसाला पुन्हा करता येतं.”

तो दगड मग बांधाच्या पायरीला लावला. अजून आहे.

म्हणून तिवरखारात आजही दोन गोष्टी सांगतात. बांदाईची देवळात सांगतात, हात जोडून. बामीबायची बांधावर सांगतात, आणि तिथं हात जोडायला मनाई आहे. भाद्रपदाच्या अमावास्येला सकाळी अख्खं गाव त्या पायरीवर चपला काढतं. मातीचा थर पडतो, पेंढ्याचा थर पडतो, आणि एकेक जण पुढे येऊन टाच लावतो. नवी सून लावते, काठी टेकत म्हातारा लावतो, वर्षात जन्मलेल्या तान्ह्या बाळाची टाच त्याची आई धरून लावते. भरती चढू लागली की प्रत्येक जण समुद्राकडे तोंड करून आपलं नाव सांगतो. मी अमक्याची अमकी. मी तमक्याचा तमका. नुसतं एवढंच.

समुद्र ऐकून घेतो आणि परत जातो. त्याला परत जायचंच असतं म्हणाल, तर या एकदा तिवरखारला आणि बांधाला टाच लावून बघा. कोरडा लागेल, घामाचा थेंब नाही.