ब्लिया आजीची बोटं

ही गोष्ट ऐकली तशीच आठवते आहे, असं छातीठोकपणे सांगवत नाही. गाव लाओसच्या डोंगरात होतं, एवढं नक्की. बाकी तपशिलात चूकभूल असेल.

फार मागच्या काळी, ह्मोंग लोकांच्या त्या गावात ब्लिया नावाची भरतकाम करणारी म्हातारी राहायची. भरतकामाला ते लोक फुलांचं कापड म्हणतात. ब्लियाची दृष्टी गेली, तरी नुसतं बोट फिरवून ती धाग्याचा रंग सांगायची, असं म्हणतात.

त्या गावात सून सासऱ्यासाठी तो हयात असतानाच अखेरचं कापड भरते. त्यावरच्या नक्षीवरून पूर्वज आपल्या माणसाला ओळखतात. मात्र त्यात धातूचा कणही चालत नाही. धातूनं जीव इथंच अडकून पडतो.

पाकू नावाच्या एका सुनेचा सासरा अचानक वारला तेव्हा त्याचं कापड अर्धंच भरून झालं होतं. तिनं घाईघाईनं टाके घातले आणि सुई मोडली. टोक जमिनीवर पडलं असेल, अशी तिनं स्वतःची समजूत घातली.

दफनाच्या दिवशी तिरडी उचलेना. गावचे सगळे धडधाकट गडी लागले, तरी तसूभर हलली नाही, असं म्हणतात.

दीर म्हणाला, "वहिनी, कापडात दगड भरलेस का गं? दिवस मावळायच्या आत बाबा हलले नाहीत, तर तू माहेरची वाट धर."

पाकू धावत ब्लियाकडे गेली.

"आजी, भरताना सुई मोडली होती."

"मग तेव्हाच तोंड का नाही उघडलंस, बये?" म्हातारी करवादली, पण काठी घेऊन उठली.

तिनं प्रेतावरच्या कापडावरून बोटं फिरवली. गोगलगायीच्या नक्षीपाशी ती थांबली. बोटाला रक्त आलं. तिनं वाकून कापडाला ओठ लावले आणि टोक दातांनी उपसून गालात धरलं.

"काय सापडलं?" दिरानं विचारलं.

"सापडायचंय काय? माझ्या बरोबरीचा माणूस. मला न भेटता जाईल होय?"

तिरडी पानासारखी उचलली गेली.

पुढं ब्लिया वारली, तेव्हा पाकूनं साऱ्या गावासमोर खरं काय ते सांगितलं आणि डोळे मिटून म्हातारीच्या कापडावरून बोटं फिरवली. तेव्हापासून तिथं कापड प्रेतावर घालण्याआधी घरची सून डोळे मिटून ते चाचपते आणि म्हणते, "ब्लिया आजी, तू बघ."

ही रीत खरी की नुसती ऐकीव, ही शंका पुष्कळ वर्षं छळत राहिली. शेवटी त्या गावची एक बाई भेटली, तेव्हा तिला विचारून खात्री करून घेतली. आता कापडं शहरातून यंत्रावर शिवून येतात. तरी सुना ती चाचपतात. घरात सून नसली, तर मुलगे डोळे मिटून बोटं फिरवतात.