कोंदणात लपणारी बाजू

खूप जुनी गोष्ट आहे, बाळांनो. इतकी जुनी, की ती ज्या राज्यात घडली त्याचं नावही आता कुणाच्या ध्यानात नाही. तिथे हिऱ्यांना पैलू पाडणारा एक म्हातारा आणि त्याची म्हातारी राहत. हिऱ्याचा माथा आणि त्याभोवतीचे पैलू तो पाडी. कमरेखालचा, टोकाकडे निमुळता होत जाणारा भाग ती घडवी. म्हाताऱ्याला आपल्या कामाचा भारी तोरा होता, पण बायकोवर जीव त्याहून अधिक.

एकदा राजकन्येच्या लग्नासाठी राणीने त्याच्याकडे एक हिरा सोपवला. म्हातारीचे हात तेव्हा फार दुखत. म्हाताऱ्याने तिला आग्रहाने माहेरी धाडलं. खालची बाजू कोंदणात जाणार, ती कोण बघतंय, असं त्याने मनाशी ठरवून टाकलं. माथा घासून लखलखीत केला, तळ खडबडीत तसाच ठेवला आणि स्वारी ऐटीत राजवाड्यात गेली.

राणीने हिरा उन्हात धरला. तो मलूलच दिसला. लेकीला असा विझलेला हिरा देववत नाही, म्हणाली; लग्नाआधी उजळला तर ठीक, नाहीतर हिऱ्यावाचूनच तिची पाठवणी करू.

म्हातारा घरी येऊन माथाच पुन्हा पुन्हा घासत बसला. चमक काही येईना. बिचारा रडकुंडीला आला.

म्हातारी परतली. तिने हिरा उलटा केला आणि तिला सगळं कळलं.

"अगं, तुझे हात दुखत होते म्हणून..." तो चाचरत म्हणाला.

"हात दुखतात म्हटलं होतं मी. माझं काम काढून घ्या, असं नव्हतं म्हटलं." तिचे डोळे भरून आले. "अहो, उजेड माथ्यातून आत जातो खरा, पण त्याला माघारी फिरवतात ते खालचे पैलू. ते नसले की तो खालून निसटून जातो."

म्हाताऱ्याला फार वाईट वाटलं. तो मुकाट्याने तिच्यासाठी साणेचं चाक फिरवायला बसला. ती दमली की तिची बोटं कोमट तेलाने चोळून देई. असं करत करत खालचे पैलू टोकाशी येऊन मिळाले आणि हिरा असा झळाळला, की दोघंही बघतच राहिली.

या खेपेला राजवाड्यात दोघं जोडीने गेली. राणी म्हाताऱ्याला शाबासकी देऊ लागली, तेव्हा त्याने भर दरबारात हिरा उलटा धरला आणि म्हणाला, "राणीसाहेब, हा उजेड हिच्या हातचा आहे." म्हातारी लाजून चूर झाली. राणीने मानाची शाल आधी तिच्या खांद्यावर घातली.

तेव्हापासून त्या राज्यातले लोक हिरा घेताना आधी तो उलटून बघू लागले.

तात्पर्य: जे काम डोळ्यांना दिसत नाही, त्याच्याच जोरावर दिसणारं काम उजळतं.