बाविसावे पान आणि भरला घडा

सिदटेकावर चढून आलात की आधी दगडी दरवाजा लागतो. त्याच्या कोनाड्यात मातीचा एक घडा आहे, तोंडापर्यंत भरलेला. पाहुणे दमून येतात आणि त्याला हात लावायला जातात. त्यांना आम्ही आत टाक्यावर पाठवतो. पाणी दोन्हीकडे तेच. पण तो घडा पोथीच्या वाचकाचा आहे.

आत देवळात सिदबाबांची पोथी आहे. लाल फडक्यात, दोन लाकडी फळ्यांमध्ये सुटी पाने. एकूण सदुसष्ट. बाबा बोलले आणि शिष्यांनी लिहून घेतले, असे सांगतात. सगळी पाने स्वच्छ आहेत. फक्त बाविसाव्यावर आणि एक्केचाळिसाव्यावर ओल्या बोटांचे डाग आहेत. शाई पसरली आहे. मागे शहरातून दोन शिकलेली माणसे आली होती. डाग काढून देतो म्हणाली. त्यांना चहा दिला आणि खाली पाठवले.

ते डाग कसे पडले, ते सांगतो. माझी शाळा पोथीपुरतीच झाली. पण हे मला माझ्या चुलत्याने सांगितले, त्याला त्याच्या बापाने. यात एक शब्द पदरचा घातलेला नाही.

बाविसावे पान म्हणते, टेकावर रक्त सांडू नये. ज्याने सांडले त्याचा घडा टाक्यात बुडू नये. एक्केचाळिसावे पान म्हणते, तहानेल्याला तू कोण असे विचारू नये. दोन्ही बाबांचेच बोल. गावाने दोन्ही पिढ्यानपिढ्या ऐकले आणि कुणाला काही अडले नाही, कारण टाक्यात पाणी भरपूर होते.

मग म्हणे लागोपाठ तीन वर्षे पाऊस झाला नाही. टाक्याच्या पायऱ्या उघड्या पडत गेल्या, शेवटच्या चार तेवढ्या पाण्यात राहिल्या. टेकाच्या निम्म्या उतारावर सगुणा नावाची बाई राहत होती. नवरा वारलेला, घरात आंधळी सासू, येसूआजी. घरात दाणा उरला नाही तेव्हा सगुणेने आपली शेळी दारातच कापली. तिने ते लपवले नाही. दुसऱ्या दिवशी घडा घेऊन ती नेहमीसारखी दरवाजात आली.

तेव्हा हैबती नावाचा वाचक होता. आमच्याच घराण्यातला. त्याने तिला दरवाजाबाहेर थांबवले आणि गाव देवळात बसवले. बाविसावे पान काढून वाचले.

लखू तेली उठला आणि म्हणाला, "हैबतीबुवा, पुढचं एक्केचाळिसावं पण वाचा की. का त्याला वाळवी लागली?"

लोक हसले. हैबती हसला नाही. "बाविसावं आधी आलंय. बाबा धडधाकट होते तेव्हाचं. एक्केचाळिसावं दुखण्यातलं आहे."

"म्हणजे दुखण्यातलं बोलणं खोटं? तुमचा बाप खाटेवर पडूनच म्हणाला ना, वाचकी हैबतीला द्या? ते बरं धरलंत."

"तोंड सांभाळ, लखू."

"तोंडाचं काय घेऊन बसलात. बाई उन्हात उभी आहे."

हैबती म्हणाला, "आज एकीला सोडलं तर उद्या टेकावर खाटीकखाना होईल. पोथी मी लिहिली नाही. मी फक्त वाचतो."

त्याचे म्हणणे अगदीच चुकीचे होते असे मी म्हणणार नाही. नेम एकदा सुटला की सुटतो. गावही गप्प बसले. गावाच्या मनात चार पायऱ्यांचे पाणी होते.

पण हैबती दरवाजात गेला नाही. देवळातून दरवाजा शंभर पावलांवर. त्याने गावाची राखण करणाऱ्या जागल्याला पाठवले. जागल्याने सांगितले, "बाई, पोथी नको म्हणते." सगुणेने विचारले, "पोथी म्हणते की हैबतीबुवा म्हणतात?" ती घडा उचलून नदीकडे गेली. नदी तीन कोसांवर, तीही आटलेली.

संध्याकाळपर्यंत ती आली नाही. दुसऱ्या सकाळी लखू शोधायला निघाला. हैबतीही मागोमाग गेला. नदीच्या वाळूत तिने हाताने हातभर झरा खणला होता, तो मागाहून दिसला. त्यातून अर्धा घडा भरून ती परत निघालेली. टेकाच्या पायथ्याशी करंजाच्या बुंध्याला टेकून बसली होती. जीव गेला होता. ओठ फुटले होते. घडा मांडीत सरळ धरलेला. त्यातले पाणी तिने प्यायलेले नव्हते. सासूसाठी राखलेले.

तो घडा हैबतीने खांद्यावर घेतला आणि येसूआजीच्या दारात नेला.

म्हातारीने पायांचा आवाज ओळखला नाही. "कोण?"

"हैबती."

"माझी सगुणा?"

त्याने घडा तिच्यापुढे ठेवला. म्हातारीने तो हाताने चाचपला. मग म्हणाली, "तिला काय सांगून पाठवलंस ते मला वाचून दाखव. माझ्या तोंडावर."

हैबती वर गेला, बाविसावे पान घेऊन आला आणि तिच्यासमोर उभे राहून वाचले. निम्म्यावर आवाज बसला, असे सांगतात. म्हातारी म्हणाली, "आता पाणी दे." त्याने तिच्या ओंजळीत पाणी घातले. त्याचे हात मनगटापर्यंत भिजले. ती प्यायली. मग त्याने तशाच ओल्या हातांनी पान धरले आणि फाडायला घेतले.

कागदाचा आवाज आंधळ्या माणसाला लगेच कळतो. "फाडू नकोस," ती म्हणाली. "तू आज हे फाडशील. उद्या दुसरा कोणी येईल, तो एक्केचाळिसावं फाडील. मग तुमच्यापाशी उरेल काय? जा, तेही घेऊन ये. तेही वाच."

त्याने तेही आणले. तेही वाचले. हात अजून ओलेच होते.

म्हातारी म्हणाली, "इथून पुढं कुणाला नाही म्हणायचं झालं, तर वाचकानं स्वतः जायचं. भरला घडा खांद्यावर, दोन्ही पानं हातात. दोन्ही तोंडावर वाचायची. मग जे करायचं ते आपल्या हातानं करायचं. दुसऱ्याला पाठवायचं नाही."

टाक्याचे पाणी तिने पुढे कधी घेतले नाही. पाऊस पडेपर्यंत हैबती तिला रोज नदीवरून पाणी आणत होता.

तेव्हापासून हा घडा दरवाजात आहे. मोठे कोणते पान, असे पाहुणे विचारतात. मी सांगत नाही. मला ठाऊक असते तर घडा ठेवावा लागला नसता.

हैबतीनंतर पाच वाचकांवर दरवाजात जाण्याची वेळ आली. पाचही जणांनी दोन्ही पाने वाचली आणि घडा रिकामा करून आले, असे सांगतात. पाणी घालताना हात भिजले, त्याच हातांनी पाने परत आणली.

सहावा मी. अठरा वर्षे झाली. टेकावर भेकर मारलेला माणूस होता. भर उन्हात दरवाजात उभा होता. मी दोन्ही पाने वाचली. शब्द चुकला नाही, आवाज हलला नाही. मग बाविसावे प्रमाण धरले. तो मान खाली घालून उतरला. पुढे त्याचे काय झाले ते कळले नाही. मी विचारलेही नाही. गाव म्हणाले, नेम राखलात. राखला. पोथीत तसे लिहिलेच आहे. घडा मी जपून नेला होता, तसाच भरलेला परत आणला. थेंब सांडला नाही.

आजही रोज सकाळी तो घडा मीच भरतो. पाने बघायची असतील तर बघा, हात पुसून घ्या. डाग मोजलेत तर सहा जणांचे भरतील. त्यांत माझा नाही.