शेवटचा रुमाल कधी येणार?

भानजीराजांनी त्या दिवशी सहाव्यांदा विचारलं, "दप्तर किती आलं, किती राहिलं?" आणि रंगोपंत दप्तरदारांनी सहाव्यांदा उत्तर धाडलं, "अजून दोन दिवस."

हे 'अजून दोन दिवस' गेले बारा दिवस चाललं होतं. डोंगरी किल्ल्यावरचं जुनं दप्तर पायथ्याच्या नव्या राजवाड्यात आणायचं होतं. सनदा, निवाडे, वतनांचे कागद, सगळे गठ्ठे फडक्यात बांधलेले. एकेका गठ्ठ्याला रुमाल म्हणायचे. घराण्याची रीत अशी, की नव्या वाड्यात आधी दप्तर शिरायचं, धनी मागून. तोवर राजे माळावर, राहुटीत. वर ऊन आणि खाली अंथरुणात मुंग्या. कुणीही चिडेल.

शेवटी राजांनी सगळ्यांना राहुटीपुढे उभं केलं. पंतांनी सरळ सटवाजीकडे बोट दाखवलं. त्याचे बैल माल वाहत होते. बैलच मंद, त्याला दप्तरदार काय करणार, असं पंतांचं म्हणणं. सटवाजीची सगळी दौलत म्हणजे ते बारा बैल.

राजे म्हणाले, "सटवाजी, शेवटचा रुमाल कधी येईल ते नेमकं सांग. सांगितल्या वेळी आला तर तू सुटलास. आधी आला किंवा मागून आला, तर बाराही बैल सरकारजमा."

सटवाजी बोटांवर दिवस मोजू लागला. तेव्हा त्याची लेक ठकू पुढे झाली. बैलांबरोबर रोज घाट उतरणारी बाई ती, राजापुढे कशाला कचरते? म्हणाली, "मी सांगते सरकार. पण आज नाही, उद्या. माल न बघता भाव सांगणारा एकतर लबाड असतो, नाहीतर पंत."

कुणी खोकलं, कुणी मिशीआड हसलं. राजांनी एका दिवसाची मुदत दिली.

दुसऱ्या दिवशी उजाडताच ठकू राजवाड्याच्या दारात जाऊन बसली. बैल कसले मंद! ते केव्हाचे ओझी उतरवून रवंथ करत उभे होते. अडत होतं ते दारात. तिथे एकच कारकून. त्यानं रुमाल सोडायचा, मथळा वाचायचा, यादीत चढवायचा, पुन्हा बांधायचा आणि लाखेची मोहोर करायची. रुमाल हातभर जाड असो की दोन चिठ्ठ्यांचा, वेळ तेवढाच. गुळाच्या पेठेत बसलेल्याला हे सांगावं लागत नाही. ढेप असो की पावशेराचा खडा, तागडी एकदा उचलावीच लागते.

ठकू रुमालागणिक एक खडा ओटीत टाकत गेली. अर्ध्या प्रहरात तीस खडे झाले, प्रहराला साठ. म्हणजे दिवसाच्या चार प्रहरांत दोनशेचाळीस रुमाल व्हायला हवेत. मग रोज जेमतेम साठच का होतात?

तेवढ्यात राहुटीकडून हुजऱ्या घोडा उडवत आला. किती आलं, किती राहिलं? झालं! कारकुनानं कलम खाली ठेवलं. पंतांनी दार लावून घेतलं, फळ्यांवरचे रुमाल दोनदा मोजवले, उत्तराचा मसुदा केला, मग सरकारांच्या सगळ्या बिरुदांसकट तो नीट उतरवून काढला. अर्धा प्रहर गेला. हुजऱ्या परतला, काम सुरू झालं, आणि थोड्याच वेळात माळावर पुन्हा धुरळा दिसला. असं दिवसातून सहा वेळा. ठकूनं हसू लपवायला तोंडाला पदर लावला.

संध्याकाळी तिनं राहुटीत येऊन पंतांना विचारलं, आता राहिले किती? पंत ऐटीत म्हणाले, सहाशे साठ. आकडा पक्काच असणार. बारा दिवस त्यांनी दुसरं केलं काय होतं?

"उद्याचा दिवस पहिला धरा," ठकू राजांना म्हणाली. "तिसऱ्या दिवशी सूर्य बुडताना शेवटचा रुमाल आत जाईल. अट एकच. तोवर सरकारांनी विचारायचं नाही, किती राहिलं म्हणून."

"एवढंच ना? मी काय तान्हा आहे?" राजे म्हणाले.

पहिला दिवस राजांनी रेटला. राहुटीभोवती इतक्या फेऱ्या मारल्या, की गवतात पायवाट पडली. दुसऱ्या दिवशी दुपारी मात्र हुजऱ्या आलाच. सरकार विचारत नाहीत, नुसती खुशाली हवी आहे, असा निरोप. पंतांनी आनंदानं दार लावून मोजदाद सुरू केली. सटवाजी कपाळाला हात लावून बसला. ठकू आपली बैलांना पेंड चारत राहिली.

तिसऱ्या दिवशी राजे जातीनं घोड्यावरून आले. मला काही विचारायचं नाही, म्हणाले, फक्त राहिले किती एवढं कळू द्या. पुन्हा दार बंद, पुन्हा मोजणी. अर्धा प्रहर राजांच्या डोळ्यांदेखत गेला. सटवाजीनं तर एकेका बैलाच्या पाठीवरून हात फिरवून निरोपही घेऊन टाकला.

सूर्य डोंगराला टेकला. कारकुनानं एका रुमालावर मोहोर केली, फळीवर ठेवला आणि मागे बघितलं. मागे काही नव्हतं. बाहेर सूर्याची शेवटची कड बुडाली.

राजे खूश झाले, आणि मग त्यांच्या कपाळाला आठी पडली. "थांब. अट मी मोडली. दोनदा मोडली, प्रत्येक वेळी अर्धा प्रहर खाल्ला. मग तुझी वेळ चुकली कशी नाही?"

"रुमाल आज तिसऱ्या प्रहरालाच संपत होते, सरकार. वरचा एक प्रहर मी तुमचा धरला होता."

"म्हणजे मी अट मोडणार हे तू धरूनच चालली होतीस?"

"रुमालांचा वेग कळायला मला दिवसभर बसावं लागलं. सरकारांचा स्वभाव सगळ्या मुलखाला बसल्या जागी ठाऊक आहे."

"मग अट घातलीस कशाला?"

"घातली म्हणून दोनदा विचारलंत," ठकू म्हणाली. "नसती घातली तर अठरा वेळा विचारलं असतंत."

मग राजे असे हसले, की पगडी सावरायला दोन्ही हात लागले. पंतांना दारातल्या कारकुनाशेजारी कलम घेऊन बसण्याचा हुकूम झाला. राजांनी मनगटातलं सोन्याचं कडं काढून ठकूच्या हातात दिलं, सरकारी गोठ्यातली खिलारी बैलजोडी सोडायला सांगितली, आणि बारा बैल घेऊन आलेला सटवाजी चौदा घेऊन घरी गेला.