शेरेकड्यावरचा दोर

निंबगिरी महाराजांचा मुक्काम त्या वैशाखात शेरेकडा गावी होता. गाव उंच काळ्या कड्याच्या पायथ्याशी, आणि कड्याच्या पोटात आग्यामोहोळाची मोठमोठी पोळी. महाराज मारुतीच्या देवळात उतरले होते. वारा दिवसभर कड्यावर आपटत असे, देवळातली घंटा आपोआप हलत असे, आणि महाराजांनाही त्या दिवसांत एके ठिकाणी बसवत नव्हते.

त्याच सुमारास त्र्यंबकशास्त्री घाटे गावात आले. काशीला न्यायशास्त्र शिकलेले, मोठे विद्वान. सकाळी पारावर बसून ते ईश्वर सिद्ध करीत. "घडा दिसला की कुंभार मानावाच लागतो. मग एवढं जग कर्त्यावाचून कसं झालं?" लोक माना डोलावत. संध्याकाळी तेच शास्त्री ते सारे मोडून काढीत. "कुंभाराला हात असतात. माती तो कुठून तरी आणतो. जगाच्या कुंभाराचे हात कोणी पाहिले? त्याला कोणी घडवलं? आणि तो दयाळू असेल, तर भरल्या घरातलं माणूस का नेतो?" लोक पुन्हा माना डोलावत. दोन्ही वेळा जिंकणाऱ्या या माणसाला झोप मात्र लागत नसे. पहाटेपर्यंत ते अंगणात येरझारा घालीत.

गावात धुरपी नावाची मध काढणाऱ्यांची लेक होती. पानाच्या द्रोणात मध घेऊन ती रोज महाराजांपुढे ठेवी आणि काही न बोलता बसून राही. मध काढणारा दोराने कड्यावरून खाली उतरतो. वरचा माणूस खुंटाला एक वेढा देऊन दोराचे टोक धरतो. तो घरचाच लागतो, अशी त्यांची रीत. गेल्या वर्षी धुरपीचा बाप लखमा खाली उतरला असताना दोर तिच्या हातांतून निसटला. लखमा गेला. तेव्हापासून गाव तिच्या हातांकडे बघे आणि कुजबुजे.

यंदा तिचा नवरा येसू उतरणार होता. दोर धरायला दुसरे कोणी नव्हते. त्या सकाळी ती महाराजांना म्हणाली, "बाबा, हात कापत्यात माझं."

महाराज म्हणाले, "कापू दे बाई. धर."

तिथेच बसलेले शास्त्री हसले. "एवढंच? चल गं, मी येतो तुझ्याबरोबर. तुझा देव काम करतो कसा, बघू तरी!"

कड्यावर पोचल्यावर येसू धुराची चूड घेऊन उतरला. धुरपीने दोर धरला. शास्त्री सावलीला बसून म्हणाले, "गेल्या वर्षी कुठं होता गं तुझा देव?"

"ठावं न्हाई, शास्त्रीबुवा."

"विचारलंस का त्याला?"

"रोज इचारते." तिने नजर दोरावरून हलवली नाही. "आता गप ऱ्हावा. माणूस हाय खाली."

तेवढ्यात वारा फिरला. धूर उलटला, माश्या उठल्या, खाली येसूने जिवाच्या आकांताने हिसके दिले. आणि ज्या खुंटाला वेढा होता तो खुंट मुळासकट उपटून आला. धुरपी फरफटत कड्याच्या काठाकडे निघाली. शास्त्रींनी धावत जाऊन दोर पकडला. तळहात सोलून निघाले. पाय खडकावरून घसरू लागले. काठ दोन हातांवर आला, एका हातावर आला...

"महाराज! धरा हो!"

हे शब्द शास्त्रींच्याच तोंडून निघाले. आणि काय आश्चर्य! दोर थांबला. त्यांच्या पाठीमागून कोणीतरी तो सावकाश, ताकदीने ओढू लागले. येसूचे डोके काठावर दिसले. शास्त्रींनी वळून पाहिले. मागे कोणीही नव्हते.

शास्त्री तार्किक होते. उतरताना ते सारखे पुटपुटत होते, "कपारीत अडकला असेल दोर. भीतीनं बळ येतं माणसाला. नक्कीच." पण चालण्याचे त्यांनी धावणे केले होते.

देवळात भक्त घाबरून उभे होते. महाराज त्या दुपारी जागचे हलले नव्हते, तरी त्यांच्या दोन्ही तळहातांची सालटे निघाली होती. शास्त्रींनी ते हात पाहिले, मग आपले. मागोमाग धुरपी येसूला आधार देत आली, तिच्याकडे पाहून ते एकदम कळवळून म्हणाले, "मग गेल्या वर्षी का नाही, महाराज? हिच्या बापाला का नाही?"

महाराजांनी तळवे पुढे केले. ताज्या जखमेखाली एक जुना व्रण होता.

"त्या दिवशीही धरला होता," महाराज म्हणाले. "हिच्या हातांतून निसटला, तसाच माझ्याही हातांतून निसटला."

"बाबा, म्हंजी मी एकली नव्हते?" धुरपीने विचारले.

"नव्हतीस."

ती खाली बसली आणि वर्षभरात पहिल्यांदा मोठ्याने रडली.

"पण असं का?" शास्त्री विचारीतच होते. "देवानं आणखी थोडं बळ का दिलं नाही?"

"ते मीही त्याला विचारतो. अजून सांगितलं नाही." महाराजांचे डोळे भरून आले होते.

"म्हणजे माझा एकही मुद्दा खोटा ठरलेला नाही."

"नाही ठरला, शास्त्रीबुवा."

शास्त्रींनी महाराजांच्या पायांवर डोके ठेवले. मग ते उठले, कोपऱ्यातला तांब्या त्यांनी स्वतः भरून आणला आणि धुरपीच्या सोललेल्या हातांवर हळूहळू पाणी घातले. पाणी संपल्यावर, एव्हाना जमलेल्या साऱ्या गावादेखत, ते तिच्यापुढेही वाकले.